गोळी आज नको, इंजेक्शन कळांच्या वेळी

सदतिसावा आठवडा सुरू असलेल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. दुसरं बाळंतपण. पहिला मुलगा चार वर्षांचा, तो धडधाकट आहे. त्या वेळी याच तपासणीत काही सापडलं नव्हतं. या वेळी स्वॅबच्या रिपोर्टमध्ये 'ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस' हा जीवाणू आढळला आणि घराची झोप उडाली. डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता काही द्यायचं नाही, कळा सुरू झाल्या की इंजेक्शन देऊ." ताईंना हा हलगर्जीपणा वाटतो. बाळाला धोका आहे तर औषध आजच का नाही, असं त्या विचारतात. हा जंतू नवऱ्याकडून आला असेल का, या शंकेवरून दोघांत एका रात्री बरंच बोलणं झालं. 'आपणच स्वच्छतेत कमी पडलो' ही बोचणीही आहे. एका मैत्रिणीने सांगितलं, सरळ सिझर करून घे. ब्रिटनमधल्या जाऊबाई म्हणतात, आमच्याकडे ही तपासणी करतच नाहीत, उगाच घाबरवतात. त्यातच लहानपणी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतल्यावर अंगावर काहीतरी उठलं होतं, असं आईकडून ऐकलेलं. बाळाला अंगावर पाजता येईल का? सासूबाईंना मधुमेह आहे, पायाला जखम आहे. त्यांना माझ्यापासून काही होईल का? आणि हे सगळं घरात कुणाकुणाला सांगू?

मैत्रिणी,

तुम्ही पत्रभर 'मला झालेलं इन्फेक्शन' असं लिहिलं आहे. आधी हे मनातून काढून टाका. तुम्हाला इन्फेक्शन झालेलं नाही. तुमच्या शरीरात एक जीवाणू राहतो आहे, आणि त्याने तुम्हाला काहीही केलेलं नाही. ताप नाही, खाज नाही, दुखत नाही. ही तपासणी झाली नसती तर तो तिथे आहे हे तुम्हाला कळलंही नसतं.

ग्रुप बी स्ट्रेपचा मुक्काम मुख्यतः आतड्यात असतो. तिथून तो योनीमार्गापर्यंत पोचतो, काही आठवडे किंवा महिने राहतो, नाहीसा होतो, पुन्हा येतो. म्हणूनच पहिल्या खेपेला रिपोर्ट कोरा आला आणि या वेळी आला नाही. त्यात नवल नाही आणि मधल्या काळात तुमच्या हातून काही चुकलं असाही त्याचा अर्थ नाही. जगभरात साधारण पाच गर्भवतींपैकी एकीच्या शरीरात तो सापडतो. घसा दुखवणारा स्ट्रेप तो हा नव्हे. तो ग्रुप ए. रिबेका लान्सफील्ड या शास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली स्ट्रेप्टोकॉकसचे असे गट पाडले, तेव्हापासून ही अक्षरं चिकटली आहेत.

स्वच्छतेशी याचा संबंध नाही. उलट, रिपोर्ट आल्यापासून जंतुनाशक द्रावणाने आतून धुणं सुरू केलं असेल तर ते आजच थांबवा. त्याने योनीमार्गातले उपयोगी जीवाणू मरतात, त्वचा कोरडी पडते, आणि हा पाहुणा मात्र जात नाही. प्रसूतीच्या वेळी क्लोरहेक्सिडीनने धुऊन बाळाचा आजार टळतो का, हेही तपासून पाहिलं गेलं आहे. टळत नाही. लसणाची पाकळी, दही, व्हिनेगर असे उपाय कुणी सुचवले तर त्यांनी बाळाचं रक्षण होतं असा कुठलाही पुरावा नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता नवऱ्याबद्दल. हा जीवाणू लैंगिक आजारांत धरला जात नाही. जोडीदाराची तपासणी करत नाहीत, त्याला औषध देत नाहीत. ज्यांचा कधीच शरीरसंबंध आलेला नाही अशा माणसांच्या आतड्यातही तो असतो. या रिपोर्टवरून त्यांच्या वागण्याबद्दल काहीएक सिद्ध होत नाही. त्या रात्रीचं बोलणं दोघांनी बसून मिटवा. पुढच्या काही आठवड्यांत हाच माणूस तुम्हाला सर्वांत जास्त लागणार आहे.

मग घाबरायचं कशाला, असं वाटेल. पण 'काही नसतं हो त्यात' असं म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही. तुम्हाला निरुपद्रवी असलेला हा जंतू नवजात बाळाला गंभीर आजारी पाडू शकतो. पाणमोट फुटल्यावर किंवा बाळ जन्ममार्गातून खाली येताना तो बाळाच्या नाकातोंडात, फुप्फुसात जातो. कुठलाही उपाय केला नाही तर अशा आयांच्या साधारण निम्म्या बाळांच्या अंगावर तो येतो. त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही. शंभरातल्या एकादोघांना मात्र तो रक्तात शिरतो, न्यूमोनिया करतो, कधी मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. म्हणजे काहीच केलं नाही तर तुमच्यासारख्या दोनशे आयांमागे साधारण एक बाळ आजारी पडेल. कळांच्या वेळी शिरेतून अँटिबायोटिक दिलं तर हेच प्रमाण साधारण चार हजारांत एक इतकं खाली येतं. हे दोन आकडे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा, असं मी म्हणेन. रात्री तीन वाजता मोबाईलवर शोधून जे सापडतं त्यात हे आकडे बहुधा नसतात, फक्त आजारी बाळांचे फोटो असतात.

बहुतेकांना काही होत नाही आणि एखादंच बाळ गाठलं जातं, असं का? एक कारण १९७६ साली कॅरोल बेकर आणि डेनिस कॅस्पर यांनी दाखवून दिलं. ज्या आयांच्या रक्तात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं कमी असतात, त्यांची बाळं जास्त आजारी पडतात. आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, पण बरीचशी गर्भारपणाच्या शेवटच्या काळात. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाला धोका जास्त. गर्भवतीला टोचायची लस याच शोधाच्या पायावर तयार होते आहे. तिच्या माणसांवरच्या चाचण्या चालू आहेत, पण तुमच्या या बाळंतपणासाठी ती नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्या डॉक्टरांवर झालेला अन्याय. आज गोळ्या सुरू केल्या तर काय होईल? योनीमार्गातले जंतू बरेचसे मरतील, रिपोर्ट कदाचित कोराही येईल. पण आतड्यात मुळं शिल्लक राहिलेल्या तणासारखे ते आठ-पंधरा दिवसांत परत उगवतील, आणि कळा सुरू होतील तेव्हा तुम्ही पुन्हा आज आहात तिथेच असाल. मधल्या मध्ये औषधाचा त्रास मात्र झालेला असेल, शिवाय 'आपण कोर्स केलाय' या समजुतीने कुणीतरी खरं इंजेक्शन द्यायचं राहून जाण्याचा धोका. हा शेवटचा भाग मला सर्वांत घातक वाटतो. बाळाला गरज आहे ती जन्माच्या तासांत तुमच्या रक्तात, वारेत आणि गर्भजलात औषध असण्याची. ते शिरेतूनच द्यावं लागतं आणि त्याच वेळी द्यावं लागतं. तुमच्या डॉक्टर 'कळा सुरू झाल्यावर' म्हणाल्या तो हलगर्जीपणा नाही. तीच खरी उपाययोजना आहे.

याला एक अपवाद आहे, आणि इतर वाचकांनीही तो ध्यानात ठेवावा. योनीमार्गाच्या स्वॅबऐवजी लघवीच्या कल्चरमध्ये हा जंतू भरपूर संख्येने सापडला, किंवा लघवीला जळजळ आणि ताप असेल, तर ते इन्फेक्शनच. त्यावर तेव्हाच्या तेव्हा उपचार करतात. शिवाय या गर्भारपणात लघवीत तो कितीही थोडा सापडला असला तरी कळांच्या वेळचं इंजेक्शन ठरलेलं. मग पुढे स्वॅबची गरजसुद्धा राहत नाही. आधीच्या एखाद्या बाळाला हा आजार झाला होता त्या आईचंही तसंच. म्हणून फाईल उघडा आणि चौथ्या-पाचव्या महिन्यातले लघवीचे रिपोर्ट एकदा नीट वाचा.

या आठवड्यात तुम्हाला खरोखर करायचं असं एकच तातडीचं काम आहे, आणि ते तुमच्या पत्रात शेवटी-शेवटी, जाता जाता आलं आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी. या जंतूवर पेनिसिलिन हेच पहिलं औषध. इतकी दशकं वापरूनही ते याच्यावर चांगलं चालतं, आणि पर्यायी औषधांची तशी खात्री देता येत नाही. त्यामुळे 'अंगावर काहीतरी उठलं होतं' एवढ्यावर तुमच्या फाईलवर लाल शाईने 'ॲलर्जी' लिहिलं गेलं, तर तुमच्या बाळाच्या वाट्याला कमी प्रतीचं औषध येऊ शकतं. आणि हे लक्षात घ्या, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं समजणाऱ्या माणसांची रीतसर तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना ती नसतेच.

म्हणून आईला फोन करा आणि शांतपणे विचारा. किती वर्षांची होते? इंजेक्शननंतर किती वेळाने उठलं, काही मिनिटांत की दोन-तीन दिवसांनी? गांधी उठल्या होत्या की नुसतं बारीक पुरळ? ओठ, डोळे सुजले होते का? दम लागला होता का, चक्कर येऊन पडले होते का, ॲडमिट करावं लागलं होतं का? त्यानंतर कधी अमॉक्सिसिलिन घेतलं आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा 'हो' निघतं. घशासाठी, दातासाठी ते औषध घेतलेलं असतं, काही झालेलं नसतं, आणि ते पेनिसिलिनचंच भावंड आहे हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

ही उत्तरं लिहून डॉक्टरांना द्या. पुरळ सौम्य असेल तर त्या सेफाझोलिन निवडू शकतील, किंवा ॲलर्जीची तपासणी करायला सांगतील. गरोदरपणातही ती करता येते. दम लागणं, सूज येणं असं काही झालं असेल तर क्लिंडामायसिनचा विचार होतो. मात्र तुमचा जंतू त्या औषधाला दाद देतो का, हे लॅबने आधी पाहिलेलं असायला हवं, कारण बरेच जंतू आता त्याला दाद देत नाहीत. तसं असेल तर व्हँकोमायसिन राहतं. म्हणून लॅबला आजच विचारायला सांगा की सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालतं याची चाचणी, केली आहे का. स्वॅब आधी पोषक द्रावात रात्रभर ठेवून, मग रक्त मिसळलेल्या थाळीवर जंतू वाढवून, त्यानंतर औषधांची चाचणी लावतात. यात दोन-तीन दिवस सहज जातात. कळा सुरू झाल्यावर हे विचारून उपयोग नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. रिपोर्टची एक प्रत पर्समध्ये ठेवा, फोनमध्ये फोटो ठेवा, आणि प्रसूतीगृहात पाऊल टाकताच, नाव सांगता सांगता हेही सांगा. तपासणी ज्यांनी केली त्या डॉक्टर त्या वेळी ड्युटीवर असतीलच असं नाही. हाताच्या मागे एक बारीक सुई बसवतील. पहिला डोस मोठा असतो. पेनिसिलिन असेल तर ५० लाख युनिट, साधारण अर्ध्या तासात सलाईनमधून जातं. मग दर चार तासांनी त्याच्या निम्म्याच्या आसपास, बाळ होईपर्यंत. दोन डोसांच्या मध्ये नळी काढून सुईला बूच लावता येतं. तेव्हा तुम्ही उठू शकता, चालू शकता, कुशीवर वळू शकता, कोमट पाण्याने अंघोळही करू शकता. 'सलाईन लावलं म्हणजे आता पलंगाला खिळले' असं मुळीच नाही. कुणी सांगितलं नाही तर स्वतः मागा.

बाळ होण्याच्या किमान चार तास आधी पहिला डोस गेलेला असावा, अशी अपेक्षा असते. आणि इथे तुमचं दुसरं बाळंतपण आहे, हे विसरू नका. दुसऱ्या वेळी कळा बऱ्याचदा झपाट्याने वाढतात. पहिल्या वेळी घरी बराच वेळ काढला असेल, दर पाच मिनिटांनी कळ येईपर्यंत थांबलाही असाल. या वेळी तसं थांबू नका. कळा नियमित वाटू लागल्या की फोन करा आणि निघा. पाणी गेलं, तर कळांची वाटही बघायची नाही. घड्याळ बघून वेळ लिहायची आणि निघायचं, मग पहाटेचे तीन का असेनात. सदतीस आठवडे भरायच्या आत कळा लागल्या, पाणी जाऊन अठरा तास झाले, किंवा कळांमध्ये तुम्हाला ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर बाळाची जोखीम वाढते. ज्यांची तपासणीच झालेली नाही त्यांनाही अशा वेळी औषध देतात. तुमच्यासारख्या दुसऱ्या कुणी हे वाचत असतील तर त्यांनी आणखी एक बघावं: रिपोर्ट साधारण पाच आठवडेच ग्राह्य धरतात. तपासणी लवकर झाली असेल आणि तारीख उलटून चालली असेल, तर पुन्हा करायची का, हे विचारून घ्या.

आणि एवढं करूनही बाळ चार तासांच्या आत झालं तर? मग औषध वाया गेलं असं समजू नका, कमी वेळातही ते काही काम करतं. डॉक्टर बाळावर जरा जास्त लक्ष ठेवतील, साधारण दीड-दोन दिवस. बाळ दिसायला छान असताना 'आम्हाला घरी सोडा' म्हणून घाई करू नका. या आजाराचा लवकर येणारा प्रकार पहिल्या आठवड्यात दिसतो, आणि त्यातलाही बहुतेक पहिल्या चोवीस तासांतच. ते तास जाणकार नजरेखाली जाणं बाळाच्या हिताचं आहे.

मैत्रिणीने सुचवलेल्या सिझरबद्दल मी स्पष्ट बोलते. केवळ या रिपोर्टसाठी सिझर करू नये. क्वचित हा जंतू न फुटलेल्या पाणमोटेतूनही आत जातो, म्हणजे पोट उघडूनही शंभर टक्के हमी मिळत नाही. दोन-चार सलाईनच्या डोसांनी जे साधतं त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया, तिचा रक्तस्राव, टाके, पुढच्या गर्भारपणातली गुंतागुंत हे सगळं ओढवून घेणं मला पटत नाही. दुसऱ्या एखाद्या कारणाने तुमचं सिझर ठरलं, आणि ते कळा सुरू होण्याआधी, पाणी जाण्याआधी झालं, तर या जंतूसाठी वेगळ्या इंजेक्शनचीही गरज नसते. शस्त्रक्रियेआधी जे अँटिबायोटिक सगळ्यांनाच देतात तेवढं पुरतं.

जाऊबाई खोटं बोलत नाहीयेत. ब्रिटनमध्ये सरसकट सगळ्या गर्भवतींची ही तपासणी करत नाहीत. जिथे जोखीम दिसते तिथे औषध देतात. त्यामागे विचार आहे. तपासणीत जंतू सापडलेल्या आयांच्या बहुसंख्य बाळांना तसंही काही होणार नसतं, आणि हजारो निरोगी बायकांना कळांमध्ये अँटिबायोटिक द्यावं लागतं. अमेरिकेने दुसरी वाट धरली. तिथे १९९६ साली पहिल्या मार्गदर्शक सूचना आल्या, २००२ पासून सगळ्यांची तपासणी सुरू झाली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे हजार जन्मांमागे साधारण १.८ बाळांना पहिल्या आठवड्यातला हा आजार व्हायचा. २०१५ पर्यंत ते प्रमाण ०.२३ वर आलं. दोन्ही देशांतले तज्ज्ञ प्रामाणिकपणे वाद घालतात, आणि तो अजून संपलेला नाही. पण तो वाद 'सगळ्यांची तपासणी करावी का' याबद्दल आहे. ज्या बाईच्या हातात रिपोर्ट आहे तिला कळांमध्ये औषध द्यावं, याबद्दल दोन्हीकडे एकमत आहे. जाऊबाईंनाही या गर्भारपणात हा जंतू सापडला असता तर त्यांना तिथे हेच इंजेक्शन देऊ केलं असतं.

औषधाचा बाळावर काय परिणाम, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेल. बाळाच्या आतड्यातल्या जीवाणूंची ठेवण सुरुवातीच्या काळात थोडी वेगळी दिसते, असं अभ्यासांत आढळलं आहे. समोर मेंदूच्या आवरणाची सूज हा धोका ठेवला तर मला हा सौदा स्वच्छ वाटतो. तुम्हाला स्वतःला क्वचित जुलाब किंवा बुरशीची खाज होऊ शकते, त्यावर साधे उपाय आहेत.

अंगावर पाजा, बिनधास्त पाजा. या रिपोर्टमुळे दूध बंद करायचं काहीच कारण नाही.

यापुढचा भाग मात्र तुमच्या घरातल्या सगळ्यांनी वाचावा असं मला वाटतं, कारण इथे बहुतेक कुटुंबं गाफील राहतात. कळांच्या वेळचं इंजेक्शन पहिल्या आठवड्यातला आजार टाळतं. सातव्या दिवसापासून तीन महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकणारा उशिराचा प्रकार त्याने टळत नाही. तो विरळा आहे, आईकडूनच येतो असंही नाही, आणि त्यात मेंदूच्या आवरणाची सूज जास्त प्रमाणात दिसते. तो टाळण्याचा खात्रीचा मार्ग आज नाही. लवकर ओळखणं आपल्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार या जंतूमुळे जगात दरवर्षी सुमारे दीड लाख बाळं जातात, काही पोटात, काही जन्मानंतर. जी वाचतात त्यांतल्या काहींना फिट्स, बहिरेपण, वाढीतले अडथळे राहतात. त्यातला एक हिस्सा तरी वेळेवर उपचार मिळाले तर टळणारा असतो.

काय बघायचं? बाळाच्या श्वासाचं निरीक्षण आजच मोठ्या मुलावर करून शिकून घ्या. बाळ शांत झोपलेलं असताना झबलं वर करा, पोटाकडे बघा, आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. नवजात बाळ थोडं थांबून, थोडं भरभर श्वास घेतं, म्हणून दहा सेकंद मोजून सहाने गुणू नका. साठपेक्षा जास्त येत असतील तर थोड्या वेळाने परत मोजा. तरीही जास्तच असतील, किंवा फासळ्यांच्या मध्ये कातडी आत ओढली जात असेल, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर तडक दवाखाना गाठा. एरवी हावरटासारखं पिणारं बाळ सलग दोन वेळा तोंड फिरवतं, उठवूनही उठत नाही, हातपाय सैल सोडतं, रंग फिकट, निळसर किंवा ठिपकेदार दिसतो, टाळू फुगलेली वाटते, रडणं एकदम बारीक आणि किंचाळल्यासारखं होतं, हीसुद्धा धोक्याची चिन्हं. थर्मामीटर घरात हवाच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त ताप असेल तर औषधाचे थेंब घालून सकाळची वाट बघायची नाही. आणि ताप नसून अंग गार पडलंय, ३६ अंशांच्या खाली आहे, हेही तितकंच गंभीर. आजारी नवजात बाळ तापेलच असं नाही. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच असू दे: 'आईला ग्रुप बी स्ट्रेप होता.' त्या एका वाक्याने पुढच्या तपासण्यांचा क्रम बदलतो.

सासूबाईंना तुमच्या शेजारी बसण्याने, तुमच्या हातचं खाण्याने, एकच संडास वापरण्याने काही होत नाही. चार वर्षांच्या दादालाही बाळाला मांडीवर घेऊ द्या; सगळ्यांनी हात धुवावेत, एवढं पुरे. मात्र तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हा जंतू फक्त बाळांचा शत्रू नाही. वय झालेली माणसं, मधुमेह, यकृताचा आजार किंवा कॅन्सर असलेली माणसं, यांच्यात तो त्वचेचं, हाडांचं, लघवीचं, कधी थेट रक्ताचं इन्फेक्शन करतो. तो त्यांच्याच शरीरात आधीपासून राहत असतो, तुमच्याकडून यावा लागत नाही. सिंगापूरमध्ये २०१५ साली कच्चे गोड्या पाण्यातले मासे खाल्ल्याने निरोगी मोठ्या माणसांतही याची साथ आली होती, पण तो वेगळा प्रकार आणि वेगळी वाट. सासूबाईंची पायाची जखम किती दिवसांची आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ती भरत नसेल, भोवती लाली आणि गरमपणा असेल, तर तुमच्या बाळंतपणाची वाट न बघता ती डॉक्टरांना दाखवा. तुमच्या काळजीत घरातली ही दुसरी काळजी मागे पडायला नको.

राहिलं कुणाला सांगायचं ते. सगळ्या गोतावळ्याला सांगण्याची गरज नाही. ज्यांना सांगून तुम्हाला फक्त प्रश्न ऐकावे लागतील त्यांना नका सांगू. नवऱ्याला रिपोर्ट वाचायला द्या, ॲलर्जीची उत्तरं आणि लॅबचा फोन नंबर त्यांच्याकडे सोपवा. कळांच्या भरात तुमच्या तोंडून शब्द फुटले नाहीत तर प्रसूतीगृहात त्यांनीच बोलायचं आहे. आणि बाळंतपणानंतर रात्री तुमच्यासोबत जे कुणी झोपणार असेल, आई असो की सासूबाई, त्यांना बाळाचा श्वास कसा मोजायचा ते आत्ताच शिकवून ठेवा.